रीसेटनंतर ईसीएमला इग्निशन टायमिंग परत कसं शिकवायचं: रेस देऊन नाही, चढावर चालवून

बॅटरी बदलली किंवा वायर काढून लावली, त्यात ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीसेट झाला आणि गाडीचा पिकअपच गेला, आता काय करू, हा प्रश्न ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्यावर मिळणारे सल्ले ऐकले की माझा संताप होतो. न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं रेस दे म्हणे, नाहीतर परत एकदा रीसेट मार. दोन्ही चूक आहेत. हे सगळं मॅन्युअल गियरच्या, नॉक सेन्सर (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठोकाठोक, म्हणजे नॉक, ऐकणारा) असलेल्या साध्या पेट्रोल गाडीसाठी लिहितोय, टर्बोवाल्यांनी आणखी जपून करा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. रीसेटने टायमिंगचा मूळ तक्ता पुसला जात नाही. किती आरपीएमला, किती लोडला (म्हणजे इंजिनावर किती ताण असताना), पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची हे कंपनीने आत कायमचं लिहून दिलेलं असतं. पुसली जाते ती तुमच्या इंजिनाच्या अनुभवावरून ईसीएमने त्या तक्त्यात केलेली दुरुस्ती. इंजिन ब्लॉकला आवळलेला नॉक सेन्सर साधारण ६-७ किलोहर्ट्झची थरथर ऐकत बसलेला असतो, नॉक ऐकू आला की ईसीएम ठिणगी झटकन उशिरा पाडायला लागतो, आणि परत पुढे आणताना मात्र अगदी चिमूटचिमूट आणतो, कारण नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनची वाट लागते. हे सगळं तो लोडप्रमाणे वेगवेगळं लक्षात ठेवतो. म्हणून न्यूट्रलमधली रेस कामाची नाही, लोडच नसेल तर नॉकही नाही, मग शिकणार काय?

तयारीचं फार सांगत नाही. इंजिन लाइट लागली असेल तर आधी कोड वाचून लिहून ठेवा, मगच पुसा. टाकी निदान अर्धी, आणि ज्या पंपावर भरवसा आहे तिथलंच पेट्रोल. दहाच्या पान्याने निगेटिव्ह वायर काढून अर्धा तास बाजूला ठेवा. नव्या गाड्यांत बऱ्याचदा शिकलेलं बॅटरी काढूनही जात नाही, तिथे स्कॅनरच लागतो.

वायर लावल्यावर चावी ऑन करून अर्धा मिनिट थांबा, एक्सलेटरला पाय न लावता स्टार्ट करा, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा, मग पाच मिनिटं एसी आणि हेडलाइट लावून. झालं.

हे चालू असताना ओबीडी अडॅप्टर (डॅशबोर्डखाली लागणारा, ईसीएमचे आकडे मोबाइलला पाठवणारा) आणि मोबाइलवरचं ॲप लावून टायमिंगचा आकडा बघितलात तर तो ६, ११, ८, १२ असा उड्या मारताना दिसेल. घाबरू नका. आयडल स्थिर ठेवायला ईसीएम ठिणगीच मागेपुढे करतो, तो आकडा नाचायलाच हवा.

आता खरं काम, इथेच मी स्वतः चार महिने अडकलो होतो.

गाडीला मध्यम लोड द्यायचाय आणि तो टिकवायचाय. मी पुण्यात नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे जाणारा लांब चढ वापरतो, रविवारी भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना. इंजिन पूर्ण गरम, तिसरा गियर, २००० आरपीएमपासून अर्ध्या एक्सलेटरवर सावकाश ३५०० पर्यंत न्यायचं, पाय हलवायचा नाही, मग सोडून गियरमध्येच खाली येऊ द्यायचं, परत तेच. पाच-सहा वेळा, आणि ॲपवरचा टायमिंगचा आकडा लक्षात ठेवायचा. पाय स्थिर हवा हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण एक्सलेटर सारखा दाबत-सोडत राहिलात तर ईसीएम एका लोडवर टिकतच नाही आणि शिकतही नाही. आणि चौथ्या-पाचव्या गियरमध्ये १३०० आरपीएमला चढावर पाय दाबून इंजिन रडवायचं नाही, नॉकिंग सगळ्यात जास्त तिथेच होतं आणि तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी ठिणगी मागे घ्यायला शिकवता. येताना तोच उतार गियरमध्ये, हळू उतरा, तिथे किती अपघात झालेत ते पुणेकरांना सांगायला नको.

माझं काय व्हायचं, रीसेट केलं की एक दिवस गाडी मस्त पळायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत मेल्यासारखी. मग मी परत बॅटरी काढायचो. मला वाटायचं रीसेटने गाडी फ्रेश होते. प्रत्यक्षात होत काय होतं तर जुनी दुरुस्ती पुसल्यामुळे गाडी एक दिवस मूळ तक्त्यावर पळायची, सेन्सरला काहीतरी ऐकू यायचं, आणि ईसीएम शहाणपणाने परत मागे घ्यायचा. म्हणजे तो बरोबरच वागत होता आणि मी दर आठवड्याला त्याची पाटी पुसत होतो. पेट्रोल बदललं, प्लग बदलले, फरक शून्य. शेवटी त्याच चढावर ॲप लावून बघितलं: तिसरा गियर, २५०० आरपीएम, एसी बंद असताना १७-१८ अंश, एसी लावला की ९-१०. लोड थोडा वाढतो म्हणून इतका फरक पडत नाही. घरी आल्यावर इंजिन गार झाल्यावर बोनेट उघडून एसी कॉम्प्रेसर हाताने हलवून बघितला तर तो किंचित, अगदी केसभर हलला. आधी एका गॅरेजमध्ये बेल्ट बदलला होता, तेव्हा ब्रॅकेटचा एक बोल्ट नीट आवळलाच नव्हता. त्या ब्रॅकेटची खडखड ब्लॉकमधून सेन्सरपर्यंत जायची आणि ईसीएमला तो नॉक वाटायचा. चौदाच्या पान्याने पाव फेरा, बस.

म्हणून माझं ठाम मत आहे, एकदा रीसेट करून नीट शिकवल्यावर आठवड्यात गाडी परत मंद झाली तर दुसरं रीसेट मारायचं नाही, कारण शोधायचं. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज खरंच येत असेल तर पेट्रोल, प्लग, आतला कार्बन बघा. आवाज नसताना टायमिंग मागे जात असेल तर सैल ब्रॅकेट, एग्झॉस्टची हललेली पत्रा-शील्ड, आणि नॉक सेन्सरचा स्वतःचा बोल्ट. हा बोल्ट कुणाला अंदाजाने आवळू देऊ नका, साधारण २० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचनेच लागतो, कमी-जास्त झाला तर सेन्सर चुकीचं ऐकतो.

चढाचं झालं की हायवेवर एका वेगात वीस-पंचवीस मिनिटं, मधेमधे ब्रेक न लावता गियरमध्येच वेग उतरू द्या, त्यात पेट्रोलची दुरुस्तीही बसते. ॲपमध्ये ही दुरुस्ती दाखवणारा लाँग टर्म ट्रिमचा आकडा अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

मग दोन-तीन दिवस, शंभर-दीडशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि त्याच चढावर, त्याच गियरमध्ये, त्याच आरपीएमला आकडा परत बघा, एकदा एसी बंद ठेवून आणि एकदा लावून. आकडा पहिल्या दिवसाइतकाच किंवा अंश-दोन अंश पुढे आला असेल तर अडॅप्टर काढून डिकीत टाका.