पोपट सोडायच्या आधी चार पिसं लॅबला
पिंजऱ्यातून सोडवलेला पोपट गच्चीवरून उडवून द्यायची घाई भल्याभल्यांना होते, पण जरा दम धरा. आधी वनविभागाला कळवा (हॅलो फॉरेस्ट, १९२६), देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि डीएनए टेस्टसाठी पिसांचं सॅम्पलपण त्यांना सांगूनच, पक्ष्यांच्या डॉक्टरकडून घ्यायचं.

छातीवरची तीन-चार पिसं मुळासकट काढतात. खाली पडलेलं पीस उचलून पाठवू नका, त्यात डीएनए कमी, शिवाय ते शेजारच्याचंही असू शकतं. पिसाचं जे टोक अंगात असतं तिथेच सगळा माल, त्याला बोट लागू द्यायचं नाही. पाकीट कागदाचं, प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. एका पक्ष्याला एक पाकीट आणि पायातल्या रिंगचा नंबर पिसं भरायच्या आधीच लिहा, वीस हिरवे पोपट समोर असले की मग कोणाचं कुठलं काय कळत नाही बघा.

लॅबला नेमकं काय विचारायचं हे आधी ठरवा. बहुतेक जण नुसतं नर-मादी करून घेतात, पिल्लं सारखीच दिसतात आणि नराच्या गळ्यात कंठ यायला दोन-अडीच वर्षं जातात, म्हणून ते ठीकच आहे, पण सोडायचं असेल तर माझ्या मते पहिली टेस्ट पीबीएफडीची, म्हणजे पोपटांच्या पिसं-चोचीच्या रोगाची. या व्हायरसने पिसं झडतात, चोच बिघडते, आणि वरून ठणठणीत दिसणारा पक्षीसुद्धा तो घेऊन रानातल्या थव्यात जाऊ शकतो. एकदा निगेटिव्ह आला तरी क्वारंटाईन ठेवा आणि काही आठवड्यांनी परत टेस्ट करा.

पहाडी पोपट असेल तर अजून एक भानगड, त्याच्या उपजाती आहेत, दक्षिणेतला वेगळा, उत्तरेतला वेगळा, अंदमानचा वेगळा. तिकडून आणलेला इकडे सोडला तर रक्त मिसळणार. आणि हो, मायटोकॉन्ड्रियल टेस्ट (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची) एकट्या आईकडचीच बाजू सांगते, संकर असल्याचा संशय असेल तर न्यूक्लिअर मार्करपण (आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची टेस्ट) मागा.

अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं मिळाली तर टरफलं अजिबात टाकू नका. २०२३ मध्ये मायामी एअरपोर्टवर एका प्रवाशाच्या बॅगेत २९ अंडी सापडली, २४ पिल्लं जगली, पण बिनपिसांच्या गोळ्यांवरून जात कशी ओळखणार? टरफलांच्या डीएनएवरून कळलं की त्यात यलो-नेप्ड आणि रेड-लोर्ड अशा दोन जातींचे ॲमेझॉन पोपट होते.