डीएनएची काडी आणि कोर्टाची लाख

"काडीनं बाप कसा समजते वं ताई?" हे मला पहिल्यांदा विचारलं ते आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीकडच्या एका पोरीनं, पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर, पाच महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन. मी बारा वर्षं आशा म्हणून काम केलं, आता तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेवक आहे. आमच्याकडं कुमारी मातांच्या बातम्या किती वेळा छापून आल्या असतील. त्यातली लेकरं शाळेत जायला लागली, तरी बापाच्या नावाचा रकाना कोराच आहे. त्या पोरीला मी तेव्हा अर्धवट उत्तर दिलं. पुढं अशा बऱ्याच जणींसोबत दवाखान्यात आणि कोर्टात जाऊन बसले. जे समजलं ते इथं सगळं लिहिते.

आधी काडीचं, म्हणजे गालाच्या आतून काडीनं नमुना घेऊन केलेल्या डीएनए चाचणीनं बाप कसा कळतो त्याचं. मी तिला माझ्या गळ्यातली काळी पोत दाखवली होती, आजही तेच करते. आपल्या पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्याच्यावर काही ठरावीक जागी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, पोतीत सारखे मणी ओवल्यासारखी. कुणाच्या त्या जागी ११ मणी असतात, कुणाच्या १५. आणि दर जागी आपल्याजवळ दोन सर असतात, एक मायकडून आलेला, दुसरा बापाकडून. समजा एका जागी लेकराचे १२ आणि १५ निघाले, मायचे १२ आणि १४. म्हणजे १२चा सर मायनं दिला, १५चा बापाकडूनच यायला पाहिजे. ज्या माणसाबद्दल प्रश्न आहे त्याचे १५ आणि १७ असतील तर तो या जागेवर बसतो. ११ आणि १३ असतील तर बसत नाही.

एका जागेवर बसला म्हणजे बाप ठरला असं नाही. १५ मण्यांचा सर गावात कितीतरी माणसांजवळ असेल. म्हणून प्रयोगशाळा १६ ते २४ जागा मोजते. सगळ्या जागी एकच परका माणूस योगायोगानं बसेल, ही शक्यता जवळपास उरतच नाही. मायचा नमुना दिला तर कोणता सर कुणाचा हे लगेच वेगळं करता येतं, म्हणून जमेल तिथं तिघांचाही द्या.

आता घरगुती किट. ऑनलाइन मागवलं की पाकिटात कापसाच्या बोळ्याच्या काड्या, कागदी लिफाफे आणि एक फॉर्म येतो. काडी गालाच्या आतल्या बाजूनं अर्धा-एक मिनिट घासून फिरवायची. थुंकी नको असते, गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी पाहिजे असतात. त्याआधी अर्धा-एक तास काही खायचं-प्यायचं नाही, लेकराला पाजलं असेल तर थांबायचं. आमच्याकडं सांगावंच लागतं: खर्रा थुंकून लगेच काडी घालू नका. चांगल्या चार चुळा भरा, अर्धा तास जाऊ द्या. तंबाखू-सुपारीचा चोथा लागला तर तपासणी अडते आणि नमुना पुन्हा मागतात. खर्रा खाल्ल्यानं, दारू पिल्यानं किंवा औषधानं बाप बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा. गावात उलटंच सांगणारे भेटतात. काडी बोळ्याला हात न लावता सावलीत वाळवायची आणि कागदी लिफाफ्यातच घालायची. प्लॅस्टिकच्या पन्नीत घातली की ओल आत कोंडते, बुरशी धरते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हापेक्षा श्रावणातली ओल काडीला जास्त वाईट.

हा रिपोर्ट शास्त्राच्या दृष्टीनं खोटा नसतो, प्रयोगशाळा तेच मणी मोजते. पण लिफाफ्यावरची नावं तुम्ही लिहिलेली असतात. ती काडी नक्की कुणाच्या तोंडात फिरली, हे प्रयोगशाळेला माहीत नसतं. एका प्रकरणात पोरीनं ज्याचं नाव घेतलं त्या मुलानं असाच कागद आणून पंचायतीत ठेवला, "मी बाप नाही" म्हणून. छापील कागद आणि टक्के पाहून पोरीच्या बापानं मान खाली घातली आणि वर्षभर अर्जच केला नाही. पुढं कोर्टाच्या हुकमानं चाचणी झाली, त्यात तोच मुलगा लेकराचा बाप निघाला. मधलं वर्ष मात्र गेलं ते गेलंच, कारण पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली ठरवून दिलंय. अर्जच नाही तर तारीख कुठली? त्या वर्षाचं लेकराचं दूध, औषध, सगळं तिच्या मजुरीतून गेलं. त्या कागदाचा मला अजूनही राग येतो.

मायला न सांगता झोपलेल्या लेकराच्या तोंडात काडी घालायची, हा प्रकारही ऐकलाय. ते करू नका. कोर्टात त्याचा उपयोग होत नाही, आणि घरात जे तुटतं ते जोडता येत नाही.

कोर्टात चालणारी चाचणी वेगळी असते. मणी मोजायची रीत तीच. वेगळं असतं ते नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत उघडेपर्यंत तो कुणाच्या हातात होता याचं लेखी उत्तर. लग्नाशिवाय झालेल्या लेकरालाही बापाकडून पोटगीचा हक्क आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं करायचा. समोरचा "माझं नाही" म्हणाला की आपल्या वकिलानं डीएनए चाचणीचा अर्ज द्यायचा. वकिलाच्या पैशाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणं बाई, लेकरू, अनुसूचित जाती-जमातीचं माणूस, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा सरळ तालुका कोर्टातल्या समितीत या.

कोर्टानं हुकूम दिला की सगळ्यांना एकाच दिवशी सरकारी दवाखान्यात बोलावतात. इथं माझ्या हातून एक चूक झाली होती. तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. ओळख पटवायच्या फॉर्मवर प्रत्येकाचा फोटो चिकटवावा लागतो, लेकराचासुद्धा. मी मायचे फोटो घेतले, आधार घेतलं, कोर्टाचं पत्र घेतलं, लेकराचा फोटो विसरले. स्टुडिओतून काढून आणेपर्यंत डॉक्टर पोस्टमॉर्टमला गेले होते आणि समोरचा मुलगा निघून गेला होता. पुढची तारीख दीड महिन्यानं मिळाली. कापूस वेचायचे दिवस होते, त्या पोरीची एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं, आणि दीड महिना ती वाट पाहत बसली. तेव्हापासून आदल्या दिवशी मी स्वतः पिशवी तपासते: मायचे आणि लेकराचे चार-चार पासपोर्ट फोटो (लेकराचा आताचा, जन्मल्यावेळचा नको), आधार, जन्मनोंद किंवा दवाखान्याचं कार्ड, कोर्टाच्या पत्राची झेरॉक्स. कार्डावर लेकराचं नाव नसून नुसतं "बेबी ऑफ" असेल तर तेही आधीच वकिलाला सांगा.

त्या खोलीत काय होतं ते नीट पाहा, पाहायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टर फॉर्मवरचा फोटो आणि समोरचं माणूस ताडून पाहतात. सही किंवा अंगठा घेतात, फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी येईल अशी त्यांची स्वतःची सही करतात. साक्षीदारांच्या सह्या होतात. रक्त बहुधा जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, किंवा जाड कागदाच्या कार्डावर थेंब वाळवतात. लेकरू रडतं, मायही रडते, तिथं कुणीतरी आपलं माणूस जवळ असावं. मग नळीवर नाव, तारीख, वेळ. नळी पाकिटात, पाकिटाला दोरा, दोऱ्यावर मेणबत्तीवर वितळवलेली लाख, आणि लाख गरम असतानाच पितळी मोहोर. त्याच मोहोरेचा एक छाप वेगळ्या कागदावर घेऊन सोबत पाठवतात, म्हणजे प्रयोगशाळेत दोन्ही छाप जुळवून पाकीट मधे उघडलं नाही याची खात्री करता येते. मी दर वेळी त्या पोरींना सांगते, लाख लागेपर्यंत खुर्ची सोडू नका. "त्यानं दुसऱ्याचं रक्त देलं तं?" ही भीती प्रत्येकीला असते, आणि तिचं उत्तर त्या फोटोत, अर्ध्या सहीत आणि लाखेत आहे. पाकीट मग पत्रासोबत, थंड डब्यात, नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातं. रिपोर्टला महिने लागतात. कोर्टात आणि पोलिसांत त्याला सीए (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात, चौकशी करताना तोच शब्द वापरा.

समोरचा आलाच नाही तर? पोटगीच्या अर्जात त्याला धरून-बांधून रक्त काढत नाहीत. पण कोर्ट त्याच्या नकाराचा अर्थ त्याच्याविरुद्ध काढू शकतं. म्हणून तुम्ही मात्र हजर राहा आणि तशी नोंद करून घ्या.

लग्न झालेल्यांची गोष्ट निराळी आहे, आणि इथं संशयी नवऱ्यांनी नीट वाचावं. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत आणि मायनं दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं लेकरू कायदा त्या नवऱ्याचंच धरतो. जुन्या पुरावा कायद्याचं हे कलम ११२, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ११६. त्या काळात दोघांचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे नवऱ्यानं दाखवावं लागतं. मागितली आणि मिळाली अशी ही चाचणी नाही, हे सर्वोच्च न्यायालय १९९३ पासून सांगत आलंय. २०१४ साली आपल्या विदर्भातल्याच एका पोटगीच्या प्रकरणात डीएनए अहवाल समोर आल्यावर कोर्टानं तो त्या गृहीतकापेक्षा वरचढ मानला. पण २०२३ साली, नवरा-बायकोच्या भांडणात लेकराला चाचणीला ओढायचं नाही, असंही बजावलं. मला हे दुसरं जास्त पटतं. ज्याला नऊ वर्षं "बाबा" म्हटलं त्यानं एका टेबलावर बसवून रक्त काढायला लावायचं, हे त्या लेकराला कोण समजावणार?

संशय सुरू कुठून होतो तेही पाहिलंय. पुष्कळदा सिकलसेलच्या कॅम्पमधून. लेकराचा रिपोर्ट एसएस आला, म्हणजे सिकलसेलचा आजार. माय एएस, म्हणजे एकच एस (सिकलचं जनुक) असलेली वाहक. बाप निगेटिव्ह. कुणीतरी अर्धवट शिकलेलं सांगतं की एसएस व्हायला दोघांकडून एस लागतो, मग हा बाप कसा? नियम बरोबर आहे, पण घाई चूक. बाप थॅलेसेमियाचा (रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा) वाहक असेल तर लेकराला मायकडून सिकल आणि बापाकडून थॅलेसेमिया मिळतो, आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायच्या तपासणीच्या) पट्टीवर ते एसएससारखंच दिसू शकतं. बापाची नुसती सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलची झटपट तपासणी) केली असेल तर तिच्यात थॅलेसेमिया दिसतच नाही. आधी बापाची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. रक्तगटाचंही तसंच. रक्तगट जुळला म्हणून बाप ठरत नाही, आणि जुळला नाही तरी थांबा: १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ओ दिसतो, आत मात्र ए किंवा बी लपलेला असू शकतो. एका बाईला या एवढ्या कारणावरून माहेरी धाडलेलं मी पाहिलं आहे.

काही गोष्टी प्रयोगशाळेला स्वतःहून सांगा: संशय सख्ख्या भावावरही असेल तर (भावाभावांचे बरेच सर सारखे असतात, जास्त जागा तपासाव्या लागतात), जुळे भाऊ असतील तर, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा बोनमॅरो बदलला असेल तर. माणूस वारला असेल तर आजा-आजीच्या नमुन्यावरून काम होऊ शकतं. लेकरू मुलगा असेल तर काका-आज्याच्या वाय गुणसूत्रावरून घराणं कळतं, पण त्या घरातला नेमका कोण ते त्यावरून कळत नाही.

पोटात असताना ही चाचणी मागू नका. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यात गर्भावरच्या तपासण्या ठरावीक आजारांपुरत्याच चालतात, बाप शोधायला नाही. आणि पोरगी अठराच्या आतली असेल तर हा नुसता पोटगीचा विषय राहत नाही, तो पोक्सोचा (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा) गुन्हा आहे, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं गर्भपात झाला तर ऊतीचा नमुना पुराव्यासाठी ठेवावा लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) ठेवू नये, डीएनए खराब होतो. सोबत गेलेल्या माणसानं डॉक्टरांना हे विचारून घ्यावं.

रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज लगेच देता येतो. जन्मदाखलाही अडत नाही: एकट्या मायला प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असं २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) नाही म्हणाले तर लेखी मागा.

आणि रिपोर्ट घरी येत नाही, नकलेचा अर्ज द्यावा लागतो. शेवटच्या पानावर ९९.९९ किंवा त्याहून जास्त टक्के लिहिलं असेल तर तो बाप. शंभर कधीच लिहीत नाहीत, त्यावरून कुणी वाद घातला तर घाबरू नका. तीन किंवा जास्त जागी बसत नसेल तर तो बाप नाही असं लिहितात. एखाद्याच जागी एक मणी कमी-जास्त असेल तर ती पिढी बदलताना होणारी नैसर्गिक चूक असू शकते, प्रयोगशाळा ती हिशोबात धरते.

एसटी स्टँडवरच्या त्या पोरीचा रिपोर्ट आला तेव्हा मी टक्के वाचून दाखवायला लागले. तिनं माझा हात थांबवला. "ते मण्याचं कोठी हाय?" मी तक्त्याचं पान काढलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. लेकराच्या ओळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या, मग त्याच्या. एकेक ओळ खाली उतरत गेली, लेकरू तिच्या पदराशी खेळत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत तिनं एकही जागा सोडली नाही. मग कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि मला म्हणाली, "झेरॉक्स तीन काढू का चार?"