पनिशर वाचायचा तर सुरुवात कुठून करायची

माझ्या भाच्याने बुलेटच्या टाकीवर पांढरी कवटी चिकटवून आणली. "आत्या, भारी दिसते ना?" मी विचारलं, कोणाची आहे? "कोणाची म्हणजे? स्टिकरवाल्याकडे होती."

एक्सरे विभागात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. कवट्या मी रोज पाहिल्या आहेत. ही कवटी तशी नाही. ती पनिशरची, अमेरिकन कॉमिक्समधल्या एका माणसाची, छातीवरची खूण. तिला खालचा जबडाच नाही, आणि वरचे दात लांब होत पोटापर्यंत उतरतात, कारण ते दात म्हणजेच काडतुसांचा पट्टा. लेखक जेरी कॉनवे यांच्या पहिल्या रेखाटनात ती छातीवरची एक लहानशी खूण होती. चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती छातीभर पसरवली. ज्याच्या छातीवर ती आहे तो माणूस कोण, हे न कळता ती गाडीवर मिरवणं मला सहन होईना. म्हणून मी कपाटातली पुस्तकं एकेक करून भाच्याला दिली. ज्या क्रमाने दिली, तोच क्रम इथे सांगते.

पनिशर पहिल्यांदा दिसला 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२९व्या अंकात, फेब्रुवारी १९७४. तिथून सुरुवात करू नका. तिथे तो स्पायडरमॅनला मारायला निघालेला, कोणीतरी खोटं सांगून भरीला घातलेला माणूस आहे. अंक महत्त्वाचा आहे, पण पनिशर, म्हणजे फ्रँक कॅसल, त्यातून कळत नाही. सुरुवातीला एवढंच माहीत असू द्या: फ्रँक व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बायको मारिया आणि दोन मुलांना घेऊन सहलीला गेला, आणि टोळीवाल्यांच्या गोळ्यांनी तिघंही गेली. त्यानंतर तो गुन्हेगारांना मारत सुटला. पकडून देत नाही, मारतो.

दुसरं, २०००मध्ये तो परत आला तो कशातून, ते समजून घ्या, नाहीतर पुनरागमनाची किंमत कळणार नाही. १९८६च्या छोट्या मालिकेनंतर त्याची चलती झाली. पुढे एकाच वेळी तीन-तीन मासिकं निघू लागली. माणूस कमी आणि बंदुका जास्त, असे ते अंक. मी त्यातले बरेचसे फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून काढून वाचले आहेत, तुम्ही नाही वाचलेत तरी चालेल. १९९५मध्ये तिन्ही मासिकं बंद पडली. मग १९९८मध्ये त्याला देवदूतांचा हस्तक करून आणलं. मेलेला फ्रँक, हातात स्वर्गातली शस्त्रं. ती चार अंकांची मालिका मी एकदा वाचली आणि मिटून ठेवली. ज्याची बायको-मुलं परत येणार नाहीत, हेच ज्याचं सगळं दुःख आहे, त्याला स्वर्ग दाखवला की मागे उरतं काय?

आता खरी सुरुवात. 'वेलकम बॅक, फ्रँक', बारा अंक, २०००-२००१. लेखक गार्थ एनिस, चित्रं स्टीव्ह डिलन. देवदूतांचं प्रकरण एनिस दोन-चार वाक्यांत निकालात काढतो आणि फ्रँकला न्यूयॉर्कमधल्या एका कळकट इमारतीत भाड्याच्या खोलीत आणून ठेवतो. शेजारी तिघं. घाबरट जोन, लठ्ठ मिस्टर बंपो आणि चेहराभर टोचून घेतलेला डेव्ह. हे पुस्तक वाचताना डोळा फ्रँकवर ठेवू नका, या तिघांवर ठेवा. गोळीबाराची पानं भरभर उलटलीत तरी काही बिघडत नाही. पण मा नुची या टोळीप्रमुख बाईची माणसं फ्रँकला शोधत येतात आणि डेव्हच्या चेहऱ्यावरच्या बाळ्या पक्कडीने उपटतात, तिथे थांबा. तो पोरगा तोंड उघडत नाही. फ्रँकशी त्याची ओळख ती किती, आणि हा त्याच्यासाठी एवढं सोसतो. शेवटी फ्रँक या तिघांसाठी टोळीचे पैसे मागे ठेवून निघून जातो. घर पुन्हा मिळत होतं, आणि ते त्याने घेतलं नाही. माझ्या मते हे पुनरागमन उभं राहिलं ते या शेजाऱ्यांमुळे.

डिलनची चित्रं पहिल्या नजरेला साधी वाटतील. चौकटी सरळ, कॅमेरा बहुतेक वेळा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्नायूंचं प्रदर्शन नाही. वाचण्याची युक्ती अशी की फुग्यातला मजकूर वाचून झाला की त्या चौकटीतल्या ऐकणाऱ्याचा चेहरा बघायचा, बोलणाऱ्याचा नाही. भुवई अर्ध्या रेषेने हललेली दिसेल. डिलन २०१६मध्ये गेले. असा चेहरा काढणारं दुसरं कोणी मला अजून सापडलेलं नाही.

आणि याच पुस्तकातला तो प्रसंग, ज्यासाठी मी भाच्याला ते वाचायला दिलं. फ्रँकचं बघून शहरात आणखी तिघं खून करायला लागतात. एक पाद्री, एक श्रीमंत उच्चभ्रू आणि एक कंपनीवाल्यांच्या मागे लागलेला. अखेरीस ते फ्रँककडे येतात, आमचा नेता हो म्हणतात. फ्रँक ऐकून घेतो आणि तिघांनाही गोळ्या घालतो. भाच्याचा रात्री साडेअकराला फोन आला, "आत्या, हे तर त्याच्याच बाजूचे होते ना?" मी म्हटलं, पुन्हा वाच.

यानंतर 'बॉर्न', २००३चे चार अंक. १९७१चं व्हिएतनाम, एक मोडकळीला आलेली छावणी, आणि सेंट्रल पार्कच्या कितीतरी आधीचा फ्रँक. कुटुंब गेलं म्हणून तो असा झाला, असं आपण धरून चालतो. हे पुस्तक त्या समजुतीलाच हात घालतं. म्हणून ते आधी देऊ नका. समजूत आधी बसलेली असावी लागते.

मग २००४पासूनची मॅक्स, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी काढलेली, मालिका. विकत घेताना मुखपृष्ठावर 'मॅक्स' लिहिलंय का ते बघा, कारण याच नावाच्या इतर मालिकाही बाजारात आहेत. जाड एकत्रित खंड घेणार असाल तर अनुक्रमणिका तपासा. पहिल्या खंडात 'बॉर्न' आलेलं असतं, म्हणजे ते वेगळं घ्यायला नको. एनिसने या मालिकेचे साठ अंक लिहिले. इथे उडणारे वीर नाहीत, आणि फ्रँक व्हिएतनामहून आलेल्या माणसाइतकाच वयस्क आहे. अठरा वर्षांखालच्या कोणाच्याही हाती हे देऊ नका. माझ्या घरात ते खंड वरच्या फळीवर, कुलपात असतात.

सगळे साठ जमणार नसतील तर २५ ते ३० हे सहा अंक वाचा, 'द स्लेव्हर्स'. पूर्व युरोपातून मुलींना फसवून आणून विकणाऱ्यांची गोष्ट आहे. दिवसा वाचा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असं बघा. फ्रँक सगळ्यांना मारतो, तरी गोष्टीतल्या त्या फसवून आणलेल्या मुलीचं काहीच परत मिळत नाही. अपघात विभागातून रात्री अशाच गप्प बसलेल्या बायका माझ्या टेबलावर यायच्या. प्लेटवर बरगडी मोडलेली दिसायची, बाकी काही दिसायचं नाही. तो शेवट वाचून मला त्याच आठवल्या.

पडद्यावरचा फ्रँक हवा असेल तर जॉन बर्नथलचा बघा, 'डेअरडेव्हिल'चा दुसरा सीझन, २०१६. स्मशानात बसून तो मुलीबद्दल बोलतो तेवढा भाग तरी नक्की.

सगळ्यात शेवटी २०१८मध्ये सुरू झालेल्या मालिकेतला १३वा अंक, २०१९चा. गाडीवर कवटीचं स्टिकर लावलेले पोलीस फ्रँकला भेटतात, त्याचे चाहते. तो ते स्टिकर फाडतो आणि सांगतो, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा. हा अंक भाच्याला मी अजून दिलेला नाही. सध्या तो 'बॉर्न'च्या तिसऱ्या अंकावर आहे, आणि स्टिकर अजून टाकीवरच आहे.