जॉकी व्हायचंय? आधी वळण शिका

अलिबाग ते मुरुड किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावर फिरवणारी पोरं मला हमखास विचारतात, "दादा, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जॉकी, म्हणजे शर्यतीच्या घोड्याचा स्वार, व्हायचं तर काय करू?" वजन पन्नास किलोच्या आसपास ठेव, हे त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. मी सांगतो, चाबूक खाली ठेव. तोंडं उतरतात.

मी वाढलो वरसोलीच्या पुळणीवर, आजोबांच्या घोड्यांमागे. त्यांचं एकच पालुपद, "बाला, घोरा वल्या वालूवर ठेव." कोरड्या भुसभुशीत वाळूत खूर रुततो आणि घोडा शंभर पावलांत दमतो. पाण्यालगतच्या घट्ट पट्ट्यावर मात्र टाप खणखणीत वाजते. ही नजर रेसकोर्सवर फार कामाला आली. मोसमात आतल्या रेलिंगजवळचं गवत उखडतं, मग बाहेरून काढलेला घोडा कधी कधी पुढे निघतो.

बाकी पुळणीवरची सवय पुसावीच लागली. आम्ही रिकिबी लांब सोडून पाठीवर बूड टेकून बसायचो. जॉकी बसत नाही, रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर तोललेला राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी अशा बैठकीनं इंग्लंडात धावला, तेव्हा लोक त्याला काठीवरचं माकड म्हणून हसले. पुढे सगळेच माकड झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ही बैठक रूढ झाली त्या काळात शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. कारण सोपं आहे. जॉकीचे गुडघे स्प्रिंगसारखे दबतात. त्याचं वजन घोड्याला वाहावं लागतं, पण प्रत्येक झेपेला वरखाली हिसकावं लागत नाही.

त्यासाठी मांड्या हव्यात. मी घरच्या पडवीत नारळाच्या सोडणांनी पोतं ठासून भरलं, बाकावर आवळलं आणि त्याला रिकिबी बांधल्या. पहिल्या दिवशी दीड मिनिट टिकलो. नंतर ओटा उतरताना पाय असे लटपटले की आई म्हणाली, "ताप आलाय का रे?"

आता वळण. शिकाऊ असताना एका शर्यतीत माझा घोडा सरस होता आणि मी हरलो. मध्ये कोंडलो जाईन या भीतीनं अख्खं वळण दोन घोडे बाहेरून घेतलं. वर तोऱ्यात होतो, कुणी अडवलं नाही म्हणून. सरळ पट्ट्यात चाबूक चालवला, सव्वा लेंथनं, म्हणजे सव्वा घोड्याच्या लांबीनं, दुसरा आलो. ट्रेनरसाहेब ओरडले नाहीत. शर्यतीच्या कार्डामागे, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांच्या यादीमागे, अर्धवर्तुळ काढून म्हणाले, "गणित कर." अर्धवर्तुळात एक मीटर बाहेर गेलात की साधारण ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. दोन घोडे बाहेर म्हणजे निदान दोन मीटर, म्हणजे सहा मीटरांहून जास्त. एक लेंथ साधारण २.४ मीटरची. अडीच लेंथ मी वळणावरच वाटून आलो होतो!

महालक्ष्मीला घोडे उजव्या हाताला वळतात. वळणावर उजवा पुढचा पाय आघाडीला असतो. सरळ पट्ट्यात तो डाव्यावर बदलून घ्या, थकलेल्या बाजूला उसंत मिळते.

वेगाचा अंदाज ही तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. कार्ड हातात आलं की पुढून पळणारे घोडे किती ते मोजा. एकच असेल तर तो आरामात पुढे राहून शेवटासाठी दम राखतो, त्याला फार लांब सोडू नका. तीन-चार असतील तर ते आपसात भांडून दमणार, तुम्ही मागे शांत बसा. पण मागे बसणं म्हणजे तोंडावर माती खाणं आणि ऐनवेळी फट न मिळणं, हेही आलंच. चांगले जॉकी एकावर एक दोन-तीन गॉगल घालतात, माखला की वरचा खाली ओढतात.

डोक्यात घड्याळ बसवायला मी किनाऱ्यावर एकमेकांपासून २०० मीटरवरची दोन सुरूची झाडं हेरली होती. घोडा सोडायचा, मनात आकडे मोजायचे आणि मग दोस्ताच्या मोबाइलशी ताडायचे. शर्यतीचा घोडा हे अंतर बारा-तेरा सेकंदांत कापतो. आपला पुळणीवरचा तट्टू कापणार नाही. कापायला लावूही नका, अंदाज चुकतो किती तेवढंच बघा.

सरावाची वेळ तिथीवरून काढा. कोळ्यांचा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे पाच-सहाला ओली पुळण मोकळी. अष्टमीला सकाळी सहालाच भरती, त्या दिवशी पडवीतलं पोतं.