स्टार-डेल्टा काढून व्हीएफडी लावताना

इंडक्शन मोटरचा वेग बदलण्याच्या पद्धती अभ्यासक्रमात बऱ्याच असतात. स्लिप-रिंग मोटर आणि रेझिस्टन्सच्या पेट्या आता जुन्या क्रेनवर भेटतात, पोल बदलून मोजकेच ठरावीक वेग मिळतात. नव्या माणसाने आधी व्हीएफडीवर, म्हणजे सप्लायची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, हात बसवावा.

वेगाचे सूत्र पाठ असेलच: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल. चार पोलला ५० हर्ट्झवर १५०० आरपीएम येतात. नेमप्लेटवर १४४० असेल, तर ६०चा फरक ही पूर्ण लोडवरची स्लिप. खरी मेख व्होल्टेजमध्ये आहे. ४१५ व्होल्टच्या मोटरला दर हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट लागतात, म्हणजे २५ हर्ट्झला साधारण २०७. फ्रिक्वेन्सी उतरवून व्होल्टेज तसेच ठेवले, तर मोटरचा लोखंडी कोअर चुंबकीयदृष्ट्या सॅच्युरेट होतो आणि लोड नसतानाही करंट चढतो. ५० हर्ट्झच्या वर व्होल्टेज वाढायला जागाच नसते, म्हणून तिथे टॉर्क घटतो.

सर्वांत जास्त घोळ जोडणीत होतो. स्टार-डेल्टा स्टार्टर वाइंडिंग सुरुवातीला स्टारमध्ये आणि मग डेल्टात जोडतो, म्हणून त्याच्यावरच्या मोटरच्या सहा वायरी येतात. स्टार्टर पूर्ण काढा आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या डेल्टात पक्क्या करा. चुकून स्टारमध्ये राहिली, तर वाइंडिंगला ५८ टक्केच व्होल्टेज मिळते आणि टॉर्क एक तृतीयांशावर येतो. रिकामी मोटर छान फिरते, लोड आला की ओव्हरकरंट ट्रिप! मग लोक ड्राइव्हलाच दोष देतात.

नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम जसेच्या तसे भरा. सुरू होताना ट्रिप झाली तर ॲक्सलरेशनची वेळ वाढवा. टॉर्क बूस्टही (कमी वेगात दिलेले जादा व्होल्टेज) बघा, तो जास्त झाला तरी कमी वेगात करंट चढतो. थांबताना ओव्हरव्होल्टेज आले तर जड ब्लोअर मोटरला फिरवतोय आणि मोटर जनरेटरसारखी वागतेय असे समजा. ड्राइव्हच्या आतली डीसी बस, म्हणजे एसीपासून बनवलेला डीसी सप्लाय, एरवी ५८७ व्होल्टच्या आसपास असते, ती वर चढते. डिसलरेशनची वेळ वाढवा. लवकर थांबवणे भागच असेल तर ही जादा ऊर्जा उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा.

कन्व्हेयर १५ हर्ट्झवर तासन्‌तास चालणार असेल, तर मोटरच्या शाफ्टवरचा पंखा पुरत नाही, वेगळा ब्लोअर हवा. पंप-पंख्याला ही अडचण सहसा येत नाही, कारण वेग ८० टक्के केला की पॉवर जवळजवळ निम्मी लागते.

मेगर (इन्सुलेशन तपासायचे जास्त व्होल्टेजचे मीटर) लावण्याआधी मोटरकडे जाणाऱ्या यू-व्ही-डब्ल्यूच्या वायरी ड्राइव्हमधून सोडा, नाहीतर आतले आयजीबीटी, म्हणजे स्विचिंग ट्रान्झिस्टर, जातात. सप्लाय बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले असतात. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे थांबा आणि डीसी बस मीटरने मोजूनच हात घाला.