आधी उत्तर, मग निरोप: आलेखकागदावर तपासायची रीत

प्रकाशाहून वेगवान निरोप भूतकाळात पोचू शकतो, हे आलेखकागदावर स्वतः काढून बघता येतं. आडवा अक्ष प्रकाशवर्षांचा, उभा वर्षांचा; दोन्हींवर १ सेमीला १ एकक. शून्यबिंदूच्या खाली ४ सेमी जागा ठेवा, ती लागणार आहे.

पृथ्वी उभ्या अक्षावरच राहते. यान ०.८ प्रकाशवेगाने दूर जातंय; ते शून्यातून निघालेलं नाही, आधीच लांब पुढे आहे. त्याच्या मोजमापाचं शून्यही तेच धरून त्याचा काळाचा अक्ष तिथून (४, ५) कडे काढा, अंतराचा (५, ४) कडे. या तिरक्या अक्षांवर पट्टी सरळ लावू नका: तिथलं १ एकक २.१३ सेमीचं असतं. बहुतेक आकृत्या इथेच बिघडतात.

आता पृथ्वीवरून शून्य वेळी चौपट प्रकाशवेगाने निरोप सोडा. ६ प्रकाशवर्षांवरच्या यानाला तो १.५ वर्षाने मिळतो, (६, १.५) इथे खूण करा. ही खूण यानाच्या अंतर-अक्षाच्या खाली पडते, म्हणजे यानाच्या मोजमापाने निरोप सुटण्याआधीच मिळतो. गणितही तेच सांगतं. गॅमा, म्हणजे वेगामुळे काळ-अंतरात येणारा गुणक १/√(१ − ०.८²), इथे ५/३. यानाचा काळ = ५/३ × (१.५ − ०.८ × ६) = −५.५ वर्षं, अंतर = ५/३ × (६ − ०.८ × १.५) = ८ प्रकाशवर्षं. कंसातलं ‘०.८ × अंतर’ गाळून नुसता गॅमाने भागाकार केलात तर काहीच उलटं दिसणार नाही. गॅमात निरोपाचा वेगही घालू नका, वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. तिथे यानाचाच वेग हवा.

यानाने स्वतःच्या मोजमापाने चौपट वेगाने उत्तर पाठवलं, तर यानाच्या घड्याळाने −४.३७५ ला ते पृथ्वीला गाठतं. पृथ्वीवर ती वेळ −४.३७५ × ३/५ = −२.६२५. म्हणजे निरोप सुटण्याच्या २ वर्षं साडेसात महिने आधी! आकृतीत (६, १.५) पासून (०, −२.६२५) पर्यंत रेघ ओढा.

दोन मर्यादांची गल्लत नेहमी होते. ०.८ वेगाच्या यानाला निरोपाचा क्रम उलटा दिसायला १.२५ पट प्रकाशवेग ओलांडला की पुरे. पण तेवढ्याने विरोधाभास होत नाही. दोन्ही निरोपांचा वेग सारखा असेल, तर उत्तर आधी पोचायला तो दुपटीहून जास्त हवा. नेमक्या दुपटीला उत्तर शून्य वेळीच येतं, करून बघा.

सुटायची एक वाट दिसते: चौपट वेग, जाताना आणि येतानाही, फक्त पृथ्वीच्या चौकटीत, म्हणजे पृथ्वीच्या मोजमापाने धरायचा. मग उत्तर ३ वर्षांनी, सुरळीत येतं. मात्र सगळ्या चौकटी सारख्या हे तत्त्व सोडावं लागतं. भौतिकशास्त्रज्ञ अल्कुबिएरेच्या १९९४ मधल्या वॉर्प बुडबुड्यातही (यानाभोवतीचं अवकाशच पुढे आकसवून, मागे फुगवून प्रकाशाहून वेगाने जायची कल्पना) हा पेच सुटत नाही: असे दोन बुडबुडे वापरून भूतकाळात परतता येतं, हे भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटने १९९६ मध्ये दाखवलं.