टॅबसाठी कीबोर्ड घेताना आधी उजवी कड पाहावी

टॅबला जोडायचा सुटा कीबोर्ड घेताना बहुतेक जण किंमत, वजन आणि दिसणे पाहतात. मराठीत लिहिणाऱ्याने मात्र सर्वप्रथम त्याची उजवी कड पाहावी. ग्रामसभेचा ठराव, बचत गटाचे इतिवृत्त किंवा वर्तमानपत्राला धाडायची बातमी ज्यांना टॅबवरच लिहावी लागते, त्यांना तो कीबोर्ड उपयोगाचा आहे की नाही, हे बहुधा तिथेच ठरते.

इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत बहुतेक स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. इंग्रजीत ज्या कळांवर अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरप्या रेघा असतात, त्यांवर मराठीत च, ट, ड, य आणि ॉ बसतात. दुमडते व छोटे कीबोर्ड बनवणारे जागा वाचवण्यासाठी नेमक्या याच कळा अरुंद करतात किंवा ‘एफएन’ (Fn) या जोडकळीबरोबर दाबाव्या लागतील अशा ठेवतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. आपल्याला ‘डॉक्टर’ या एका शब्दात ड, ॉ आणि ट यांसाठी तीनदा त्या कडेला जावे लागते. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दात च एकदा आणि य दोनदा येतो, ‘कृषी’मधला ऋकार बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर असतो, तर क्ष आणि ज्ञ आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह मिळतात. म्हणून आकड्यांची स्वतंत्र ओळ नसलेला कीबोर्ड, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये.

नागपूरच्या सीताबर्डीत किंवा तालुक्याच्या दुकानात जाताना स्वतःचा टॅब सोबत न्यावा आणि पैसे देण्यापूर्वी वरचेच शब्द लिहून पाहावेत. त्यासाठी टॅबच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डच्या भागात मराठी किंवा हिंदी मांडणी मिळते का, हे आधी घरीच तपासावे. न मिळाल्यास देवनागरीची सोय देणारे ॲप टाकून घ्यावे लागते. पडद्यावर रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असलेल्यांनी तर हे नक्की पाहावे, कारण बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर ती सोय तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसली तरी बिघडत नाही. स्टिकर मिळतात आणि हात बसल्यावर त्यांचीही गरज उरत नाही.

दोन शेजारच्या कळांच्या मध्यबिंदूंमधले अंतर पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर सुमारे 19 मिलिमीटर असते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला 30 शब्दांची गती लागते. तिचा सराव करणाऱ्या मुलामुलींनी या 19 मिलिमीटरपेक्षा फार कमी अंतराच्या कीबोर्डवर बोटांना वळण लावू नये. मधोमध दुमडणाऱ्या कीबोर्डची बिजागरी ब आणि प या कळांजवळून जात असल्याने तिथली ठेवण विशेष तपासावी. माझ्या मते असे कीबोर्ड प्रवासात अधूनमधून लिहिणाऱ्यांसाठीच ठीक आहेत.

जोडणीचे मार्ग तीन. ब्लूटूथ सर्वांत सोयीचे, कारण त्यात टॅबचे छिद्र चार्जिंगसाठी मोकळे राहते; छोटा रिसीव्हर लावावा लागणाऱ्या कीबोर्डला बहुधा ओटीजीची, म्हणजे टॅबच्या छिद्रात यूएसबी बसवून देणारी, जोड लागते; तारेचा कीबोर्ड टॅबचीच वीज खातो, परंतु स्वतः चार्ज करावा लागत नाही.

विजेचा विचार आपल्याकडे टाळता येत नाही. लाइन जाण्याचा नेम नसलेल्या गावात रिमोटच्या सेलवर चालणारा कीबोर्ड मला अधिक पटतो, कारण ते सेल किराणा दुकानात मिळतात आणि अनेक महिने पुरतात. लॉजिटेकचा के 380 अशा दोन सेलवर चालतो आणि तीन उपकरणांशी जोडून ठेवता येतो. त्याच कंपनीच्या के 480 ला टॅब उभा ठेवायची खाच आहे, पण त्याचे वजन 800 ग्रॅमच्या वर जाते. आत बॅटरी असलेला कीबोर्ड घ्यायचाच असेल, तर तो टॅबच्याच टाइप-सी चार्जरवर चार्ज होणारा असावा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा असा कीबोर्ड डिक्कीत ठेवून गाडी दुपारभर शेताच्या धुऱ्यावर उभी करू नये; लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते.

जिनिंगजवळ, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याजवळ, राहणाऱ्यांच्या कीबोर्डच्या कळांखाली कापसाचे तंतू आणि धूळ साचते, म्हणून उलटा करून झटकता येईल असा सुटा कीबोर्ड टॅबच्या कव्हरला कायमचा चिकटवलेल्या कीबोर्डपेक्षा बरा. ऑनलाइन मागवल्यास पार्सल आले त्याच दिवशी फोडून प्रत्येक कळ दाबून पाहावी आणि उजव्या कडेची एकही कळ अडत असेल, तर परतीची मुदत संपण्यापूर्वीच तो परत पाठवावा.